कधी सुरू, कधी बंद: जुन्या पोर्श ९४४ला लागलेला चकवा कसा पकडायचा

पेट्रोल भरलं, आत जाऊन पाण्याची बाटली घेतली, परत येऊन किल्ली फिरवली. सेल्फ खणखणीत फिरतोय, पण इंजिन काही पकडत नाही. मागे दोन गाड्या खोळंबलेल्या. ढकलत बाजूला घेतली, बोनेट उघडून आपल्याला सगळं कळतंय असा चेहरा केला आणि वीस मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली, तर पहिल्या फटक्यात सुरू. माझ्या १९८६च्या पोर्श ९४४ने अमेरिकेत मिशिगनच्या एका उन्हाळ्यात हा खेळ चार वेळा केला. पाचव्या वेळी टो-ट्रकवरून गॅरेजात नेली, तर मेकॅनिकसमोर अशी सुरू झाली, की मीच खोटा पडलो.

त्या गॅरेजने आधी पेट्रोल पंप बदलला, मग कॉइल, मग बॅटरी. सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. प्रत्येक वेळी गाडी दोन-तीन आठवडे नीट चालली, कारण ती तशीही दोन-तीन आठवडे नीटच चालत होती. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात माणूस इथेच फसतो. बदललेल्या भागाने गुण आला, की बिघाडच सुट्टीवर गेला होता, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून गाडी सुरू होत असताना तिचे भाग बदलायचे नाहीत. सुरू होत असताना फक्त सापळा लावायचा आणि बंद पडेल तेव्हा मोजायचं.

पुढे लिहितोय ते १९८२ ते १९९१ या काळात बनलेल्या ९४४बद्दल, त्यातही साध्या ८ व्हॉल्व्हच्या अडीच लिटर इंजिनाबद्दल. आकडे या गाडीचे आहेत, पण शोधायची रीत त्या काळच्या बॉश मोट्रॉनिकवर (पेट्रोल आणि स्पार्क सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरवर) चालणाऱ्या इतर गाड्यांनाही बरीचशी लागू पडेल.

आधी तक्रार नीट मांडा

‘गाडी सुरू होत नाही’ या वाक्यात दोन अगदी वेगळे आजार लपलेले असतात. एकात सेल्फच फिरत नाही: किल्ली फिरवली की नुसती टिक किंवा तीही नाही. दुसऱ्यात सेल्फ नेहमीच्या जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पहिला आजार बॅटरी, केबल, इग्निशन स्विच, सोलेनॉइड आणि स्टार्टर मोटर एवढ्यांचाच. दुसऱ्यात स्पार्क नाही, पेट्रोल नाही, किंवा दोन्ही नाही. घाबरलेल्या अवस्थेत आपण हे दोन्ही एकाच नावाने सांगतो आणि मेकॅनिक भलत्या दिशेला जातो.

एक छोटी वही गाडीत ठेवा. गाडी रुसली की लगेच लिहायचं: वेळ, बाहेरचं तापमान, इंजिन किती गरम होतं, बंद करून किती मिनिटं झाली होती, पाऊस होता का, सेल्फ कसा फिरला, इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरची सुई हलली का, मागून पेट्रोल पंपाची घरघर आली का आणि शेवटी गाडी कशामुळे किंवा किती वेळाने सुरू झाली. मला हा कारकुनी उद्योग वाटायचा. पाच नोंदी झाल्यावर दिसलं, की पाचही वेळा इंजिन पूर्ण गरम होतं आणि बंद करून दहा ते पंचवीस मिनिटं झाली होती. सकाळी थंड असताना ती एकदाही रुसली नव्हती. बंद पडलेल्या इंजिनाची उष्णता वर येऊन आजूबाजूच्या भागांत मुरते, ती नेमकी याच वेळात. म्हणजे उष्णतेने तुटणारा आणि गार झाल्यावर जुळणारा एखादा सांधा शोधायचा, एवढं तरी ठरलं. वहीत पावसाच्याच नोंदी दिसल्या असत्या, तर मी डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि प्लगच्या वायरींपासून सुरुवात केली असती. पावसाळ्यात प्रीमियर पद्मिनीची टोपी कोरड्या फडक्याने पुसून गाडी सुरू केलेली माणसं आपल्याकडे घराघरांत आहेत, त्यांना हे सांगायला नको.

सेल्फ मारण्याआधी टायमिंग बेल्ट

हे आधीच सांगतो, कारण इथली चूक सगळ्यात महागात पडते. ९४४चं इंजिन असं आहे, की टायमिंग बेल्ट तुटला किंवा घसरला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून एखाद्या दिवशी सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सुसाट, एकसुरी फिरतोय असं वाटलं, तर हात तिथेच थांबवा. कॉम्प्रेशनचे नेहमीचे हेलकावे त्या आवाजात नसतील, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारणं म्हणजे वाकलेल्यात आणखी वाकवणं.

तपासणी सोपी आहे. या इंजिनात डिस्ट्रिब्युटरचा रोटर थेट कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकावर बसतो. टोपी काढा, मोठ्या पान्याने क्रँकशाफ्ट पुढून हाताने, इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच, थोडी फिरवा आणि रोटर फिरतो का ते बघा. फिरला तर निदान बेल्ट तुटलेला नाही. नाही फिरला तर या लेखातलं पुढचं काहीच करू नका. आणि बेल्ट शेवटचा कधी बदलला याचा कागद सापडत नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला.

बॅटरी, केबल आणि अर्थिंग

हे काम कंटाळवाणं आहे, पण एका रविवारी सकाळी उरकतं. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ फिरताना ती १० व्होल्टच्या फार खाली जाऊ नये. साडेनऊच्याही खाली गेली तर आधी बॅटरीचा निकाल लावा, कारण कमी व्होल्टेजवर सेल्फ कुंथत का होईना फिरतो, पण इंजिनचा कॉम्प्युटर गोंधळतो.

मग केबल. नुसता रोध मोजून इथे काही कळत नाही, कारण शंभर तारांतली एक तार शिल्लक असली तरी मीटर सगळं आलबेल दाखवतो. करंट वाहत असतानाच मोजायला हवं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरं इंजिनाच्या स्वच्छ घासलेल्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ किंवा फार तर ०.३ व्होल्टपर्यंत चालेल. तसंच पॉझिटिव्ह खुंटीपासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत मोजा, तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. इंजिन लगेच पकडत असेल तर सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवणारा मीटरचा मिन-मॅक्स मोड वापरा. इंजिन पकडू नये म्हणून कॉम्प्युटरला आणि पंपाला वीज देणारा रिले (विजेनेच चालणारा स्विच) उपसून ठेवायचा मोह मात्र टाळा. का, ते पुढे येईलच.

मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. माझी गाडी हिवाळ्यात बाहेर निघत नाही, पण तिच्या आधीच्या मालकांनी ती काढली होती. इंजिनाच्या मागच्या बाजूला, बेलहाउसिंगपाशी (फ्लायव्हील आणि क्लचभोवतीच्या आवरणापाशी) डीएमईच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, अर्थच्या तपकिरी वायरी एका बोल्टखाली येतात. तो बोल्ट सोडवला तर वायरीच्या टोकाच्या कडीखाली पांढरी-हिरवी पूड. वायर ब्रशने घासलं, पुन्हा आवळलं. त्याने माझा बिघाड गेला नाही, पण हे न करता पुढच्या मोजमापांवर विश्वास ठेवता आला नसता.

बॅटरीखालचा पत्राही बघून घ्या. तो अॅसिडने कुजलेला असेल तर पावसाचं आणि धुण्याचं पाणी आत, पाय ठेवायच्या जागेत उतरतं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या जवळपास साचतं. गालिचा ओला लागला, तर तुमचा शोध कदाचित तिथेच संपेल.

डीएमई रिले

९४४वाल्यांच्या कुठल्याही गप्पांत ‘गाडी सुरू होत नाही’ म्हटलं, की वाक्य पुरं व्हायच्या आत कुणीतरी ‘डीएमई रिले!’ म्हणतं. बहुतेकदा ते खरंही असतं. पण तो काय करतो ते समजून घ्यायला हवं, कारण माझ्या बाबतीत तो निम्माच दोषी निघाला.

डीएमई म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क या दोन्हींवर हुकूम चालवणारा बॉशचा कॉम्प्युटर. त्याला वीज देणारा आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा, असे दोन रिले एकाच चौकोनी डबीत असतात. डबीच्या पायांवर आकडे छापलेले आहेत. ३० वर बॅटरीची कायमची वीज येते. ८६ वर किल्ली चालू केल्यावर वीज येते. ८७ मधून ती डीएमईला जाते आणि ८७बी मधून पेट्रोल पंपाला. पंपाचा रिले ओढायचा की नाही हे डीएमई ठरवतो: इंजिन फिरतंय असा सिग्नल मिळाला, तरच तो ८५बी हा पाय अर्थला जोडतो आणि पंप चालू होतो. म्हणून या गाडीत नुसती किल्ली ‘ऑन’ केल्यावर पंपाची घरघर येत नाही. ती सेल्फ फिरतानाच येते. नवी गाडी वापरायची सवय असलेला माणूस इथे हमखास पंपाला दोष देतो. मला नवा पंप बसवून देणाऱ्यानेही तेच केलं होतं.

रिले मरतो तो बहुधा सोल्डरमुळे. आतल्या छोट्या सर्किट बोर्डावर रिलेचे पाय जिथे सोल्डर केलेत, तिथे वर्षानुवर्षांच्या गरम-गारने आणि हादऱ्यांनी बारीक गोल चीर पडते. गार असताना दोन कडा टेकलेल्या, गरम झाल्या की केसभर लांब. डबीचं झाकण काढून भिंगातून पाहिलं तर पायाभोवती काळसर कडं दिसतं, नखाभोवती मळ साचावा तसं. माझ्या रिलेत दोन पायांभोवती होतं.

रिले डॅशबोर्डखाली डाव्या बाजूला, फ्यूजच्या आसपास सापडेल. मॉडेलच्या वर्षानुसार जागा बदलते, म्हणून ओनर्स मॅन्युअलातली आकृती पाहा. तिथे पोहोचण्यासाठी सीटवर पाठ टेकून, पाय छताकडे करून उलटं शिरावं लागतं. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आधी खांदे मोकळे करून घ्यावेत.

आता तो मोह. गाडी रुसली की लोक रिले उपसतात, पुसतात, परत बसवतात आणि गाडी सुरू होते. ‘रिलेच होता!’ पण उपसण्यात तीन गोष्टी एकदम झाल्या: पाय सॉकेटमध्ये घासून साफ झाले, आजूबाजूच्या वायरी हलल्या आणि पाच मिनिटं गेली. कशाने गाडी सुरू झाली हे आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. म्हणून बिघाड चालू असताना रिलेला हात लावण्याआधी मोजायचं. उलटं शिरून, एका हाताने टॉर्च धरून, रस्त्याच्या कडेला मोजणं जमत नाही, म्हणून सापळा आधीच लावून ठेवायचा.

तीन दिव्यांचा सापळा

बारा व्होल्टचे तीन छोटे एलईडी दिवे आणा, ज्यांच्या आतच रेझिस्टर असतो असे. प्रत्येकाचं एक टोक डॅशबोर्डखालच्या चांगल्या अर्थला. दुसरी टोकं अशी:

पहिला दिवा, पाय ८६ वर. किल्लीची वीज रिलेपर्यंत पोहोचते का?
दुसरा दिवा, पाय ८७ वर. डीएमईला वीज मिळते का?
तिसरा दिवा, पाय ८७बी वर. पंपाला वीज मिळते का?

वायरी सॉकेटच्या मागून जोडा आणि प्रत्येकीत एक अँपिअरचा फ्यूज घाला, म्हणजे सापळ्यामुळेच नवा बिघाड व्हायला नको. दिवे मी जाड पुठ्ठ्याच्या पट्टीत बसवले, खाली पेनाने १, २, ३ लिहिलं आणि पट्टी स्टीअरिंगच्या खांबाला चिकटवली. माझ्या मुलीने तिला ‘ट्रॅफिक पोलीस’ नाव ठेवलं.

गाडी निरोगी असताना काय दिसतं ते पाठ करा. किल्ली ‘ऑन’: पहिला आणि दुसरा लागतो, तिसरा नाही. सेल्फ फिरताना: तिन्ही लागतात आणि टॅकोमीटरची सुई शून्यावरून किंचित थरथरते. दिवे लावल्यापासून मी सहा आठवडे नुसती गाडी चालवली. मुद्दाम उन्हात नेली, दुकानापाशी पंधरा मिनिटं उभी केली, परत आलो. रोज सुरू. आपण बरी करायला निघालो आणि तीच आपली परीक्षा बघतेय, असं वाटायला लागलं होतं.

पकडलं की काय करायचं

ज्या दिवशी रुसेल त्या दिवशी घाई नको. तुमच्या हातात कदाचित दहाच मिनिटं आहेत, पण तेवढी पुरतात.

पहिला दिवा किल्ली ‘ऑन’ असतानाच लागत नसेल, किंवा ‘ऑन’ असताना लागतो पण सेल्फ मारताना विझत असेल, तर इग्निशन स्विचवर संशय घ्या. किल्ली ‘ऑन’ आणि ‘स्टार्ट’च्या मध्ये हलकेच इकडेतिकडे करून बघा. दिवा लुकलुकला तर चोर सापडला. जडशा कीचेनने चाळीस वर्षं लोंबकळून आतले संपर्क झिजवलेले असतात. कुलूप न बदलता स्विचचा मागचा विजेचा भाग तेवढा बदलता येतो, आणि नव्या स्विचला एकच किल्ली लावा.

पहिला लागतो, दुसरा नाही: रिले, त्याचं सॉकेट, किंवा पाय ३० ची वीज.

पहिला आणि दुसरा लागतात, पण सेल्फ फिरताना तिसरा नाही आणि टॅकोमीटरची सुईही मेल्यासारखी पडलेली: इंजिन फिरतंय हे डीएमईला कळतच नाहीये. सेन्सरकडे वळा. तिसरा नाही पण सुई थरथरते आहे: डीएमईला कळतंय, पण रिलेचा पंपाकडचा अर्धा भाग ओढत नाही.

तिन्ही लागतात, सुई हलते, तरी पकडत नाही: आता कुठे कॉइल, स्पार्क आणि पेट्रोलचा दाब हे विषय सुरू होतात. टॅकोमीटर स्वतःच आजारी असू शकतो, म्हणून एकट्या सुईच्या साक्षीवर कुणाला फाशी देऊ नका.

दुसरा किंवा तिसरा दिवा रिलेकडे बोट दाखवत असेल, तर खात्रीसाठी जंपर. अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीला तीन स्पेड टर्मिनल लावून एकत्र जोडा, ३० कडच्या तुकड्यात २० अँपिअरचा फ्यूज घाला. रिले काढून सॉकेटचे ३०, ८७ आणि ८७बी या तिघांना जोडा. पंप लगेच घरघरू लागेल. आता सेल्फ मारा. गाडी सुरू झाली तर दोष रिलेचा किंवा त्याच्या आदेशाचा आहे, तुमचा पंप आणि कॉइल निर्दोष. फक्त लक्षात ठेवा, की जंपर असताना पंप किल्लीला जुमानत नाही. इंजिन बंद केलं तरी तो चालूच राहतो, आणि देव न करो, पण अपघात झाला तरी चालूच राहील. घरी पोहोचण्यापुरता हा मार्ग. घरी पोहोचलात की जंपर काढा.

माझ्या गाडीत सातव्या आठवड्यात पहिला लागला, दुसरा नाही. जंपर लावला, सुरू. नवा रिले घातला. जुन्याचं सोल्डर नव्याने करून तो राखीव म्हणून ठेवला. दोन महिने निवांत गेले आणि सप्टेंबरच्या एका उकाड्याच्या दुपारी पुन्हा तोच खेळ. या वेळी पहिला लागला, दुसरा लागला, तिसरा नाही आणि सुई निपचित. जुन्या गाडीत एकाच लक्षणाचे दोन आजार एकत्र नांदू शकतात. दिवे नसते तर नव्या रिलेला शिव्या देत मी तिसरा रिले मागवला असता.

स्पीड आणि रेफरन्स सेन्सर

बेलहाउसिंगच्या वर, फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळच्या) अडचणीत दोन सारखेच दिसणारे सेन्सर एका ब्रॅकेटमध्ये बसतात. एक फ्लायव्हीलच्या १३२ दात्यांवरून वेग मोजतो. दुसरा फ्लायव्हीलमधला एक खुंटीवजा स्क्रू दर फेरीला एकदा बघून पिस्टनची जागा सांगतो. यातला एक गेला तरी इंजिनाचा अवतार संपला: स्पार्क नाही, पेट्रोल नाही.

दोघांचे तीन-तीन पायांचे प्लग इंजिनाच्या मागे शेजारी शेजारी असतात आणि ते एकमेकांत अदलाबदल होऊन आरामात बसतात. तसे बसले तर गाडी सुरू होणार नाही आणि तुम्ही नवाच बिघाड शोधत बसाल. सोडवण्याआधी एकाला रंगीत टेप लावा. प्लगचं प्लॅस्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं, तारेची क्लिप आधी हुकाने काढा, ओढाताण नको.

सेन्सरच्या बाजूने पहिल्या आणि दुसऱ्या पायात ६०० ते १६०० ओहम यायला हवेत. तिसरा पाय शील्डचा, त्याच्यापासून पहिल्याचा आणि दुसऱ्याचा रोध एक लाख ओहमपेक्षा जास्त हवा. माझ्या स्पीड सेन्सरने गॅरेजात गार असताना ९५० दाखवले. एकदम ठणठणीत. इथेच सोडलं असतं तर पुन्हा चकवा. बायकोचा हेअर ड्रायर आणला (परवानगी नंतर घेतली), मीटर लावून ठेवला आणि सेन्सरच्या वायरीवर टोकापासून गरम हवा सोडत गेलो. प्लगपाशी ९५०. वायरीच्या मध्यावर ९७०. बेलहाउसिंगपासून चार बोटं अलीकडे आलो आणि आकडा उडाला. मीटरवर ‘ओएल’, म्हणजे सर्किट तुटलेलं. ड्रायर बाजूला केला, मिनिटभराने पुन्हा ९५०. पुन्हा गरम, पुन्हा ‘ओएल’. तीनदा करून बघितलं, केवळ आनंदासाठी. वायरीचं वरचं आवरण त्या जागी शेंगदाण्याच्या सालपटासारखं हातात आलं.

ड्रायरने काही सापडलं नाही तर वायर बोटांनी हळूहळू वाकवत जा आणि आकड्याकडे बघत राहा. उलट गाडी गरम असतानाच रुसलेली असेल तर सेन्सरच्या भागावर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा फ्रीझ स्प्रे मारा. त्याने ती चटकन सुरू झाली तर उत्तर तेच.

बदलताना जुना सेन्सर ब्रॅकेटमध्ये गंजून बसलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, फिरवत फिरवत काढा. तुटला तर तुकडा बेलहाउसिंगमध्ये पडू देऊ नका. नवा बसवताना फ्लायव्हीलपासूनचं अंतर ०.८ मिलिमीटर हवं, ०.३ इकडेतिकडे चालतं. मोजायची युक्ती अशी: इंजिन हाताने फिरवून तो स्क्रू रेफरन्स सेन्सरच्या बरोबर खाली आणा, सेन्सरच्या टोकाला ०.८ जाडीचा वॉशर गोंदाच्या थेंबाने चिकटवा, वॉशर स्क्रूला टेकेपर्यंत ब्रॅकेट खाली ढकला आणि बोल्ट आवळा. मग सेन्सर काढून वॉशर सोलून टाका. ब्रॅकेट एकच असल्याने दुसऱ्या सेन्सरचं अंतर आपोआप जमतं. दोन्ही सेन्सर एकदमच बदला. कंजूषपणा करून त्या बोळात दुसऱ्यांदा हात घालायची वेळ शत्रूवरही येऊ नये.

दिवे तिन्ही लागतात, तरीही

स्पार्क बघायला स्पार्क टेस्टरच वापरा. प्लगची वायर हवेत लोंबकळत ठेवून ठिणगी बघायची आपल्याकडची पद्धत स्कूटरला ठीक होती. इथे ती डीएमईच्या जिवावर बेतू शकते. स्पार्क असेल तर इंजेक्टरच्या प्लगला नॉइड लाइट (इंजेक्टरचा सिग्नल दाखवणारा छोटा दिवा) लावा, सेल्फ फिरताना तो लुकलुकला पाहिजे. लुकलुकतो तरी पकडत नाही, तर पेट्रोलचा दाब गेजवर मोजा आणि तुमच्या मॉडेलच्या वर्षाचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. या कामाला हात घालताना इंजिनवरचे पेट्रोलचे रबरी होज बारकाईने बघा. या गाड्यांना आग लागण्याचं ते कुप्रसिद्ध कारण आहे. होज चिरलेला, कडक झालेला किंवा ओलसर दिसला तर बाकी निदान राहू दे, आधी तो बदला. गेज लावताना इंजिन गार आणि अग्निशामक हाताशी.

शीतकाच्या तापमानाचा सेन्सर पाच मिनिटांत तपासून होतो: २० अंशाला साधारण अडीच हजार ओहम, ८० अंशाला तीनशेच्या आसपास. तो बिघडला तर गाडी सहसा सुरू होते, पण कुरकुरत, काळा धूर सोडत. आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेला चोर-अलार्म असेल, तर त्याच्या वायरी कुठे कापून जोडल्यात ते शोधा. टेप गुंडाळलेले ते सांधे बघून झोप उडेल. खुद्द डीएमईच्या आतलं सोल्डरही रिलेसारखंच तडकू शकतं, पण त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जा.

सेल्फच फिरत नसेल तर बिघाडाच्या क्षणी स्टार्टर सोलेनॉइडच्या ५० नंबरच्या टर्मिनलवर, किल्ली ‘स्टार्ट’ला असताना, व्होल्ट मोजा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. तिथे बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज येत असेल, केबल आधीच पास झालेल्या असतील आणि तरी नुसती टिक होत असेल, तर सोलेनॉइड किंवा मोटर. व्होल्टेजच येत नसेल तर पुन्हा इग्निशन स्विच आणि मधली वायर.

माझ्या वडिलांची नाशिकला बजाज चेतक होती. सुरू झाली नाही की ते तिला डावीकडे आडवी झुकवत, सरळ करत आणि किक मारत. का झुकवायची, हे विचारलं की म्हणत, ‘तिला विचार.’ ९४४ला झुकवता येत नाही.

ग्लव्ह बॉक्समध्ये आता नव्याने सोल्डर केलेला राखीव रिले, जंपर, छोटा मीटर आणि वही असते. वहीत सप्टेंबरनंतरची पानं कोरी आहेत. जंपर गेल्या वर्षी एकदा वापरला, पण माझ्या गाडीला नाही: एका मित्राची १९८७ची ९११ कॅरेरा जेवणानंतर हॉटेलच्या दारात रुसली होती. तिलाही याच जातीचा रिले लागतो, फक्त तो ड्रायव्हरच्या सीटखाली असतो. तिथे पोहोचायला उलटं शिरावं लागत नाही.